पावसाळ्यात गिटारच्या तारा वर जातात आणि बाल्साचं विमान एका बाजूला ओढतं, त्यावर काय करायचं

जुलै लागला की माझ्याकडे दरवर्षी दोन तक्रारी एकदमच सुरू व्हायच्या. सेकंडहँड घेऊन नीट केलेली अकूस्टिक गिटार हातात घेतली की तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरची, म्हणजे गिटारच्या दांड्यावरची, फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेली फळी) लांब गेलेल्या, बार कॉर्ड दाबताना बोटं दुखायची, आणि वरच्या फ्रेटवर गेलं की स्वर चढा लागायचा कारण तार जास्त खाली दाबावी लागते म्हणजे जास्त ताणली जाते. आणि पाऊस उघडलाय म्हणून एखाद्या रविवारी सकाळी बाल्साचं, म्हणजे हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं विमान घेऊन माळावर जावं, तर मे महिन्यात स्टिक सोडली तरी सरळ उडणारं विमान डावीकडे ओढायला लागलेलं. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये सगळं उलटं, तारा फ्रेटला लागून झणझणणार आणि विमान उजवीकडे जाणार. तीन वर्षं मी या दोन वेगळ्या तक्रारी समजून दोन वेगळे इलाज करत होतो आणि दोन्ही चुकीचे होते. ज्यांच्याकडे लाकडाची गिटार आहे किंवा लाकडाचं विमान आहे त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी मी काय करत होतो ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. गिटार एका हॉस्टेलवाल्या मुलाकडून घेतली होती, शिक्षण संपवून गावी चालला होता, सॉलिड स्प्रूस लाकडाचा टॉप (पुढची फळी), ब्रिजखालचं (तारा अडकवायच्या पट्टीखालचं) लाकूड थोडं फुगलेलं, ट्युनिंगच्या दोन खुंट्या ढिल्या, बाकी अंगापिंडानं चांगली. पहिल्याच पावसाळ्यात बाराव्या फ्रेटवर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेची उंची मोजली तर ३.४ मिमी. मे महिन्यात हीच २.३ होती. मी सॅडल, म्हणजे ब्रिजमधली ज्यावर तारा टेकतात ती पट्टी, काढला आणि पॉलिश पेपरवर घासून खाली आणला. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायचं असेल तर सॅडल २ मिमी घासावा लागतो कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणजे बऱ्यापैकी माल जातो. ऑगस्टमध्ये गिटार लोण्यासारखी वाजली. मार्चमध्ये प्रत्येक फ्रेटवर झणझण. मग नवीन सॅडल आणला, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तारा वर, या वेळी ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवला, असं चक्र.

विमानाचंही तेच. ४८ इंची हाय विंग ट्रेनर (वरच्या बाजूला पंख असलेलं शिकाऊ विमान), तीन चॅनलचा, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (वर-खाली) आणि रडर (डावी-उजवी), पंखावर हलणारे एलेरॉन नाहीत. डावीकडे ओढतंय ना, मग रिमोटवर रडरचा ट्रिम (स्टिक न हलवता दिलेला कायमचा कल) चार-पाच टिचक्या उजवीकडे. सरळ उडायला लागलं, मला वाटलं काम झालं. पण लँडिंगला वेग कमी केला आणि जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असताना उजवा पंख एकदम खाली पडला. डावीकडे ओढणारं विमान उजवीकडे का पडलं हे तेव्हा कळलंच नाही. प्रॉप (पंखा) तुटला, फायरवॉल (मोटर बसवायची फळी) हलली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुरुस्त करून पुन्हा तोच ट्रिम ठेवून मी ते उडवलं.

खरं कारण मला कळलं ते घरातल्या दारामुळे. बेडरूमचं दार चौकटीत अडकत होतं म्हणून आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी दार दोनदा उघडझाप करून बघितलं, वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि रंधा पिशवीतून काढलाच नाही. म्हणाले, "दादा, आत्ता रंधा मारला तर उन्हाळ्यात फटीतून उजेड दिसेल. लाकूड पाणी पिऊन बसलंय. पाऊस जाऊ द्या, तोवर कडेला मेणबत्ती घासा." मी मेणबत्ती घासली आणि हॉलमध्ये येऊन गिटारच्या सॅडलकडे बघत बसलो. मी दरवर्षी पावसाळ्यात दाराला रंधा मारत होतो की.

तर कारण हवेतला ओलावा. लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहतं, ५० टक्क्यांना ९, आणि ८० टक्क्यांना साधारण १६. म्हणजे एप्रिलमधल्या दुपारपासून ऑगस्टपर्यंत लाकडाचं वजनच दहा टक्क्यांनी वाढू शकतं. २०० ग्रॅम बाल्सा असलेल्या विमानाला हे २० ग्रॅम म्हणजे काय ते उडवणाऱ्याला सांगायला नको. आणि पाणी पिताना लाकूड फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं, लांबीच्या दिशेनं जवळपास नाहीच. गिटारचा टॉप आडवा फुगायला बघतो, पण आतून ब्रेसिंगच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत आणि कडा फिक्स आहेत, मग जायला जागा एकच, वर. पोट सुटल्यासारखा टॉप वर येतो, त्याच्याबरोबर ब्रिज वर, ब्रिजबरोबर सॅडल आणि तारा. वरून बारा गेजच्या (पहिली तार ०.०१२ इंच जाड) सेटचा ७० किलोच्या आसपास ताण सतत ओढत असतोच.

मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट ही की बाहेरची चकचकीत पॉलिश बघून आपल्याला वाटतं लाकूड बंद आहे, पण गिटारला आतून पॉलिश नसते. साउंड होलमधून हात घालून टॉपच्या खालच्या बाजूला बोट फिरवा, कोरं लाकूड लागेल. विमानाचंही तेच, बाहेरून प्लास्टिक फिल्मचं कव्हरिंग ताणून बसवलेलं, पण आतले रिब्ज (फासळ्या), स्पार (पंखभर जाणारा दांडा) सगळे उघडे आणि पंखाच्या मुळाशी भोक. दोन्ही वस्तू आतून पाणी पितात.

आता इलाज. पहिलं काम म्हणजे मोजणं. डिजिटल हायग्रोमीटर ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयात मिळतो, पण स्वस्तातले पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात म्हणून आधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, पाण्याचे थोडेच थेंब टाका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा नियमच आहे. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक रीडिंगमध्ये ५ मिळवायचे, झालं. पिशवीवर मार्करनं तो फरक लिहून ठेवा. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ऑगस्टमध्ये ८०-८५ येतं आणि एप्रिलच्या दुपारी २५-३०. मुंबई-कोकणातल्या लोकांकडे उन्हाळ्यातही हवा एवढी कोरडी होत नाही, त्यामुळे तुमच्याकडे झणझण कमी आणि तारा वर जाण्याचा त्रास जास्त असणार, तो फरक लक्षात घेऊन पुढचं वाचा.

गिटारला ४५ ते ५५ टक्के सगळ्यात मानवतं.

मग गिटार तपासायची, आणि ट्रस रॉडची किल्ली अजून ड्रॉवरमध्येच राहू दे. स्टीलची फूटपट्टी घ्या, तारांच्या खालून किंवा ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी, कडेवर उभी धरा आणि पलीकडून मोबाईलचा टॉर्च मारा. टॉप मधे फुगला असेल तर पट्टी मध्यावर टेकते आणि दोन्ही टोकांना उजेडाची पाचर दिसते. थोडा फुगवटा कुठल्याही अकूस्टिकला असतोच, काळजी नको, पण मे मध्ये आणि ऑगस्टमध्ये हे बघून वहीत लिहिलंत तर तुमच्या गिटारचा नेहमीचा फुगवटा किती आणि पावसाचा किती ते कळतं. माझ्या गिटारला मे मध्ये टोकाच्या फटीत एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जातं, ऑगस्टमध्ये चार कार्डं एकावर एक सरकतात.

त्यानंतर नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, दुसऱ्या हातानं सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर ०१० गेजची जुनी तुटलेली पहिली तार वापरा, ती साधारण ०.२५ मिमी जाड असते आणि हीच फट साधारण हवी असते. तार अलगद सरकली, वरची तार हलली नाही, तर नेक ठीक आहे, ट्रस रॉडला हात लावायचं कारणच नाही. हे मी ठळकपणे सांगतोय कारण व्हिडिओ बघून लोक तारा वर गेल्या की आधी ट्रस रॉड आवळतात. ट्रस रॉड नेकचा बाक सरळ करायला आहे, तारांची उंची कमी करायला नाही. टॉप फुगून वर आलेल्या तारांवर नेक आवळून इलाज केला तर नेक उलटा वाकतो आणि मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण सुरू होते. खरंच बाक जास्त असेल, समजा ०.५ मिमीच्या वर, तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग एक दिवस तसंच सोडायचं. आणि स्वस्तातल्या खूप गिटारना फिरवता येणारा रॉड नसतोच हेही आधी बघून घ्या.

तर नेक ठीक आणि टॉप फुगलेला, म्हणजे ओलावा. इथे काहीही घासायचं नाही, तासायचं नाही. गिटार ५० टक्क्यांच्या हवेत ठेवायची आणि थांबायचं, आठवडा तरी, दोन आठवडे लागले तरी लागू देत. माझी ३.४ वरून २.६ वर आली ती बाराव्या दिवशी, एकही हत्यार न लावता.

ज्यांना हवा ताब्यात ठेवणं शक्यच नाही, म्हणजे भाड्याची खोली, ओल आलेली भिंत, वगैरे, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे तो म्हणजे दोन सॅडल. एक उन्हाळ्याचा उंच आणि एक पावसाळ्याचा बुटका. जून अखेर तारा सैल करून बदलायचा, दिवाळीनंतर परत. मूळ सॅडल शाबूत राहतो हे महत्त्वाचं. हाडाचा कोरा सॅडल घेऊन फुरसतीत एकदाच घासून ठेवा, तळ मात्र अगदी सपाट पाहिजे, तो जर गोलसर झाला तर आवाज बसका येतो.

सगळाच दोष पावसाचा नसतो हेही सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर उजाडला, हवा ५० वर आली आणि तरीही तारा वरच आहेत, तर गिटार खरंच बिघडलीये. कागदाचा पातळ कपटा घेऊन ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. माझ्याकडची दुसरी गिटार, जुन्या बाजारातून रविवारी सकाळी उचललेली, तिच्यात कागद दोन-तीन मिमी आत गेला आणि मग अडकला, म्हणजे ब्रिज उचलायला सुरुवात झालीये. अशा वेळी तारा लगेच सैल करा. ब्रिजच्या फटीत फेविक्विक सोडू नका, कृपा करून, कारण नंतर नीट चिकटवायला येणाऱ्या माणसाला तो खरवडताना टॉपचं लाकूड निघतं. आणि पांढरा फेव्हिकॉलही तिथे नको, तो फर्निचरला उत्तम पण सतत ताणाखाली आणि उन्हाळ्याच्या गरमीत हळूहळू सरकतो. जुने वाद्य कारागीर सरस वापरतात ते उगाच नाही, सरस सुकला की सरकत नाही, आणि पुढे कधी उघडायचं झालं तर गरम पाण्याच्या वाफेनं सुटतो. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम दीडशे वर्षांहून जास्त चाललंय, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं, आणि मला नेहमी वाटतं की गिटार दुरुस्त करणाऱ्यांनी यूट्यूबआधी एकदा तिथल्या गल्लीत उभं राहून लाकूड आणि भोपळा कसा हाताळतात ते बघावं.

साउंड होलमधून बोटानं टॉपवर टकटक करत फिरा, कुठे पत्र्यासारखा फाटका आवाज आला तर आतली ब्रेस सुटलेली असते. तेही हवा कोरडी झाल्यावरच चिकटवायचं.

आता विमान. इथे पहिला प्रश्न एकच, ते कधी ओढतं. उंचीवर जाऊन सरळ पकडा, थ्रॉटल पूर्ण बंद करा आणि ग्लाइडमध्ये स्टिक सोडा. मोटर चालू असतानाच डावीकडे जात असेल आणि ग्लाइडमध्ये सरळ, तर तो प्रॉपचा टॉर्क आहे, मोटर दोन-तीन डिग्री उजवीकडे कलती बसवलेली असते तो कोन कुठेतरी बिघडलाय, फायरवॉलचे स्क्रू बघा. ग्लाइडमध्येही ओढत असेल तर पंख पिळलाय. आणि सकाळी सरळ, अकरा वाजता उन्हात वाकडं, असं असेल तर पंख सोडा, नायलॉनचा पुशरॉड (रडर हलवणारी दांडी) तापून लांब होतोय, तो मधेमधे धरून ठेवायला क्लिप लावा. या तीन टेस्टमध्येच निम्मं काम होतं.

पंख पिळलाय की नाही हे बघायला घरात ग्रॅनाइटच्या ओट्यासारखी सपाट जागा नाही. सकाळचा चहा झाला, ओटा पुसून कोरडा केला, की पंखाचा एक भाग त्यावर ठेवायचा, माझ्या ट्रेनरचा पंख खालून सपाट आहे म्हणून हे सोपं जातं. डाव्या पंखाची मागची कड टोकापाशी ओट्यापासून २ मिमी वर, बरोबर, तो मुद्दाम दिलेला वॉशआउट, म्हणजे टोकाचा कोन कमी ठेवणारा पीळ, आहे. उजवा ठेवला तर मागची कड पूर्ण टेकलेली आणि टोकाला पुढची कडच ४ मिमी वर. बायको म्हणाली अगं बाई हा तर पापडासारखा वाकलाय, आणि खरंच तसाच दिसत होता. हा उलटा पीळ, म्हणजे वॉशइन. आता ते जुनं कोडं सुटलं. उजव्या पंखाला जास्त कोन म्हणून जास्त उचल, म्हणून विमान डावीकडे झुकायचं. पण वेग कमी झाला की जास्त कोनातला पंखच आधी स्टॉल होतो (उचल गमावतो), म्हणून लँडिंगला उजवा पडला. त्यात मी रडर उजवीकडे ट्रिम केलेला, त्यामुळे उजवा पंख आणखी मागे राहून आणखी हळू. पिळलेल्या पंखावर रडरचा ट्रिम म्हणजे फुगलेल्या दारावर रंधा. आणि मार्चमध्ये पंख सुकून सरळ झाला की तोच ट्रिम विमानाला उजवीकडे नेतो.

उजवाच का पिळला? कारण मी पंख बाल्कनीच्या कोपऱ्यात, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून उभा ठेवत होतो, पावसाचा मारा त्याच भिंतीवर आणि उजवा पंख भिंतीकडे. एक बाजू जास्त पाणी प्यायली, वर फिल्म ताणलेली, ती जिकडे जोर जास्त तिकडे ओढून घेते. पंख आडवे ठेवा नाहीतर दोन ठिकाणी दोरीच्या फासात टांगा, भिंतीला टेकवू नका.

पीळ काढायची पद्धत. आधी पंख दोन-तीन दिवस कोरड्या हवेत, हे वगळलं तर पुढचं सगळं दोन आठवड्यात परत येतं. मग दोन माणसं लागतात. एकानं पंख हव्या त्या दिशेला थोडा जास्तच पिळून धरायचा, फिल्मवर लगेच तिरप्या सुरकुत्या दिसतात. दुसऱ्यानं इस्त्री किंवा हीट गन त्या सुरकुत्यांवरून फिरवायची, सावकाश, एका जागी न थांबता, त्या आक्रसून गायब होतात. आधी वरून, मग खालून, आणि गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. बहुतेक फिल्म १४०-१५० डिग्रीला पूर्ण आक्रसते पण उरलेल्या तुकड्यावर आधी करून बघा, प्रत्येक कंपनीची वेगळी. परत ओट्यावर ठेवून मोजा, मला दोन फेऱ्या लागल्या. टिश्यू कागद आणि डोपवाला (त्यावर लावायचा लेप) पंख असेल तर इस्त्री नाही, किटलीच्या वाफेवर धरून पिळायचा आणि सपाट पाटावर टाचण्या लावून रात्रभर सुकू द्यायचा. फोमच्या विमानाला यातलं काहीच लागू नाही, फोम पाणी पीत नाही, आणि हीट गननं तो वितळेल. पंख सरळ झाला की रडरचा ट्रिम आठवणीनं शून्यावर आणा, नाहीतर पहिल्याच टेकऑफला दणका.

राहता राहिलं साठवण. माझ्याकडे आता दोन्ही वस्तू एकाच कपाटात असतात, खाली गिटार केसमध्ये, वर पंख आडवे. आमच्या आजोबांच्या कपाटात पावसाळाभर बारीक बल्ब जळायचा, कपड्यांना वास येऊ नये म्हणून, तीच युक्ती. हवा गरम केली की तिची आर्द्रता उतरते. २६ डिग्रीची ८५ टक्केवाली हवा ३१ डिग्रीला नेली की तीच हवा ६३-६४ टक्के दाखवते, फक्त पाच डिग्रीत. पण त्यासाठी जुना फिलामेंटचा १५ वॅटचा बल्ब हवा, एलईडी तापत नाही म्हणून कामाचा नाही. बल्बला जाळीचं कव्हर, लाकडापासून आणि कपड्यांपासून हातभर लांब, आणि त्या कपाटात विमानाची लायपो (लिथियम) बॅटरी, थिनर, डोप काहीही ठेवायचं नाही, या बाबतीत अजिबात सवलत नाही. मीटर कपाटातच ठेवा, ३५ डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका. उरलेलं काम सिलिका जेल करतं. गिटारच्या केसमध्ये अर्धा किलो लागतं, बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. निळं जेल गुलाबी झालं की पाणी भरलं, कढईत मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये १२० डिग्रीला ठेवून पुन्हा निळं होतं, फक्त ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका कारण निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळाची पुरचुंडी ठेवणारे पण खूप भेटतात, पावसाळ्यातल्या तांदळात आधीच भरपूर ओलावा असतो, तो केस कोरडी करू शकत नाही. एसी असेल तर ड्राय मोड चालतो, पण गिटार थेट झोताखाली नको.

नवीन पंख बनवत असाल तर कव्हरिंगच्या आधी रिब्जना आणि बाल्साच्या शीटला एनसी सँडिंग सीलरचा पातळ हात द्या, थिनर भरपूर घालून. रंगाच्या दुकानात फर्निचर पॉलिशसाठी मिळतो तोच. हे नायट्रोसेल्युलोज मला फार आवडतं, कारण जुन्या गिटारवरची लॅकर, विमानाच्या कापडावर लावायचा डोप आणि आपला कोपऱ्यावरच्या दुकानातला सीलर, तिन्ही एकाच घराण्यातले. ओलावा यानं थांबत नाही, आत जायचा वेग कमी होतो, पण तेवढाही एका ओल्या आठवड्यात पुरतो. हे काम मात्र भर पावसात करू नका, थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश पांढरी पडते, कुठलाही पॉलिशवाला हे सांगेल. खिडक्या उघड्या आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

उन्हाळ्यासाठी थोडक्यात. नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं टोचायला लागली की समजायचं फ्रेटबोर्ड आकसलाय, कानस घ्यायची नाही, पाणी द्यायचं. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडून आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, केसमध्ये हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या टोकाच्या) बाजूला. थेंब पडता कामा नये. दर चार दिवसांनी मीटर बघून पुन्हा ओला.

आणि जे खरंच कायमचं काम आहे, फ्रेट घासणं, नटच्या (खुंट्यांकडची तारा टेकायची पट्टी) खाचा खोल करणं, सॅडलची अंतिम उंची ठरवणं, पंखाचं नवीन कव्हरिंग, ते सगळं मी आता ऑक्टोबरच्या शेवटी ते डिसेंबर एवढ्याच काळात करतो, तेव्हा आमच्याकडची हवा आपोआप ५० च्या आसपास असते. या ऑगस्टचं रीडिंग, कपाटात ५८ टक्के, सहाव्या तारेची उंची २.५ मिमी, उजव्या पंखाची मागची कड २ मिमी वर, डाव्याची पण २. बेडरूमचं दार अजून अडकतंय, त्याला मेणबत्ती लावलीये.